परचुरे मास्तरांचं इंग्लंड

इंग्लंडचा राजा आम्ही भोरकरांनी पहिल्यांदा पाहिला तो परचुरे मास्तरांच्या धोतरावर. धोतर धुतलेलं होतं, शाळेच्या भिंतीवर चार खिळ्यांना ताणून बांधलेलं होतं, आणि त्यावरून राजेसाहेब बग्गीत बसून हात हलवत डावीकडून उजवीकडे गेले. धोतराला मधोमध एक ठिगळ होतं. बग्गी ठिगळावरून गेली तेव्हा चाकं जरा उडाल्यासारखी दिसली आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, विलायतेतही रस्त्यात खड्डे आहेत. मास्तरांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

"रस्त्यात खड्डा नाही. धोतराला ठिगळ आहे. तपशील सांभाळा."

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. मला कुणाचं कौतुक करायला जमत नाही, ते खातं आमच्या घराण्यातच नाही. पण परचुरे मास्तरांबद्दल कधीतरी लिहायला हवं असं गेली कित्येक वर्षं मनात आहे, आणि आता बसलोच आहे तर सांगून टाकतो.

त्या काळी इंग्लंडचा इतिहास हा शाळेत रीतसर विषय होता. बाकीचे शिक्षक तो सनावळ्या घोकून घेऊन शिकवत. मास्तर दाखवून शिकवत, कारण त्यांच्याकडे पेटी होती. शिवणाच्या यंत्राएवढी, काळी, बाजूला एक दांडा. दांडा फिरवला की फीत सरकायची आणि त्याच दांड्याच्या जोरावर आतला दिवाही लागायचा. म्हणजे हात चालला तर उजेड, हात थांबला की इंग्लंड अंधारात. एकेक फीत जेमतेम तीन मिनिटांची. सुरुवातीलाच मास्तर पोरांना ताकीद द्यायचे, "पापणी मिटली की साहेब गेला." त्यामुळे आमची पोरं त्या तासाला डोळे इतके ताणून बसत की पुढचा माझा गणिताचा तास ती डोळे चोळण्यात घालवत.

ही पेटी आली कुठून, तर धरणावरचा एक साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मास्तर तिथे गेले होते पितळी बंब आणायला. माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तसं चांगलं दोनदा बजावून पाठवलं होतं. संध्याकाळी मास्तर परतले ते पेटी आणि पत्र्याच्या तेवीस डब्या घेऊन. माई भांडल्या नाहीत. त्या घरात पुढेही अंघोळीचं पाणी चुलीवरच्या हंड्यातच तापत राहिलं आणि माई येईल जाईल त्याला शांतपणे सांगत, आमच्याकडे बंब नाही, लंडन आहे.

तेवीस डब्यांत काय नव्हतं? आगगाडीचं इंजिन, कापडाची गिरणी, कोळशाची खाण, दीपगृह, पाण्यात सोडली जाणारी भली थोरली आगबोट, राजवाड्यापुढचा पहारा, चार वाजताचा चहा. शिवाय लंडनच्या नदीवरचा पूल, त्यावरून लगबगीनं जाणारी शेकडो माणसं. खेळ भर दुपारी व्हायचा, म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावाव्या लागत. घोंगड्यांची लव नाकात जाऊन निम्मा वर्ग शिंकायचा. इंग्लंड म्हटलं की मेंढराचा वास येतो, असं आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना आजही वाटत असेल.

मास्तर स्वतः मुंबईच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण लंडनबद्दल असं बोलत, जणू काल संध्याकाळी तिथून भाजी घेऊन आलेत. पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस त्यांना पाठ होता. आता टोपलीवाला येईल, आता ती बाई मागे वळेल, आता म्हातारा शिंकेल, आणि खरंच म्हातारा शिंकायचा. एकदा सहामाहीच्या परीक्षेत त्यांनी प्रश्न घातला, पुलावरच्या माणसांपैकी किती जणांकडे छत्री होती आणि त्यावरून तिथल्या हवेबद्दल काय अनुमान निघतं. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. वर्गातल्या सगळ्यांनी चौदा हे उत्तर बिनचूक लिहिलं. त्याच पोरांना माझ्या पेपरात चौदाचे अवयव पाडता आले नव्हते, याचा राग मला कितीतरी दिवस होता.

आणि दुरुस्त्या. काय सांगू तुम्हाला त्या माणसाच्या दुरुस्त्या. चूक कुणाचीही असो, कुठेही असो, मास्तरांना ती गिळता यायची नाही. "चूक ती चूक," म्हणून ते सुरू व्हायचे. कीर्तनकाराला भर कीर्तनात थांबवून त्यांनी लढाईची तिथी सुधारून दिली होती. लग्नपत्रिका आली की आहेराआधी शुद्धलेखन तपासून परत जायची. एका घरी आम्ही दुखवट्याला गेलो होतो. घरचे म्हणाले, पंचाहत्तर वर्षांचं समाधानी आयुष्य झालं त्यांचं. मास्तर हळूच म्हणाले, त्र्याहत्तर वर्षं आणि चार महिने. मी त्यांचा शर्ट ओढून त्यांना बाहेर काढलं. वाटेत मलाच म्हणतात, मेलेल्या माणसाला दोन वर्षं फुकटची का चिकटवायची?

देशात वारं फिरलं तेव्हा लोकांना वाटलं, आता मास्तरांची पेटी बंद. दोन धिटुकल्या पोरांनी वर्गात उठून विचारलंही, की ज्यांना घालवायचं त्यांचे राजवाडे आम्ही का पाहायचे. मास्तर रागावले नाहीत. पाहुणा इतकी वर्षं आपल्या माजघरात ठाण मांडून बसलाय, म्हणाले, त्याचं घर कसं आहे ते निदान पाहून तरी ठेवाल की नाही? मग कापडाच्या गिरणीची फीत लावली आणि आपला पडदा ज्या धोतराचा आहे तेही असल्याच गिरणीत विणलेलं, हे आपणहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खादीचा जाडाभरडा पंचा आला. त्यावर राजेसाहेबांच्या तोंडावर देवीचे व्रण दिसू लागले, पण मास्तरांनी पंचा बदलला नाही. असा माणूस. चिडचिड व्हायची, हसू यायचं, आणि घरी गेल्यावर उगाच वाटत राहायचं की आपल्याला हे जमलं नसतं.

सुट्टी लागली की मास्तर पेटी घेऊन संस्थानातल्या खेड्यांकडे निघायचे. भोरच्या पोरांना निदान मोटार तरी माहीत आहे, तोरण्याच्या पोटाशी बसलेल्यांनी काय पाहिलंय, असं त्यांचं म्हणणं. डब्यांची पिशवी उचलायला कुणीतरी लागायचं आणि त्यांच्या घराशेजारी राहण्याचं पाप माझ्याकडून झालेलं होतं. नसरापूरपर्यंत मोटार, पुढे वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, वेल्ह्यात मुक्काम आणि सकाळी उठून पासलीपर्यंत आपले पाय. कापणी, झोडणी उरकली की आम्ही जायचो, कारण त्याआधी पासलीत ना माणूस रिकामं ना घोंगडी.

पासलीची शाळा भैरोबाच्या देवळात भरायची. खेळालाही अख्खं गाव तिथेच. पहिल्या वर्षी शेतीची फीत लावली. साहेबाचे घोडे नांगर ओढतायत, लांबच लांब सपाट रान. म्हातारे शेतकरी माना पुढे काढून बघत होते. मग एकानं विचारलं, ह्या रानाला बांध कुठं हाय, पानी थांबतंय कशात?  मास्तरांनी ते वहीत टिपून घेतलं, भोरला येऊन पुस्तकं चाळली आणि पुढच्या वर्षी मुद्दाम उत्तर घेऊन गेले, की त्या देशात भात पिकतच नाही. सगळं देऊळ हळहळलं. भात न्हाई, मग खात्यात काय बिचारी? पाटील सुस्कारा सोडून म्हणाले, "तरीच हितं आली व्हय." मास्तरांना यातली चूक काही काढता आली नाही.

तिथेच आम्ही सखारामला पाहिलं. ठकूबाईंचा एकुलता एक मुलगा, मिसरूड फुटलेला. आगबोटीची फीत त्यानं तीनदा लावायला लावली आणि बोट पलीकडे जाते कुठं, म्हणून पडद्यामागे जाऊन पाहून आला. मास्तर त्याच्यावर बेहद्द खूश. त्याला कडेला बसवून त्यांनी बोटीचा सगळा तपशील सांगितला, लांबीरुंदीसकट. दोन वर्षांनी लढाई पेटली, वेल्ह्याच्या बाजारात भरतीवाले आले आणि सखाराम पलटणीत गेला. जाताना आईला म्हणाला, मास्तरांच्या पेटीतली बोट खरी बघून येतो. हे आम्हाला नंतर कळलं. कळल्यावर मास्तर पुरते दोन दिवस कुणाचीही चूक काढत नव्हते, आणि माईंनी मला विचारलं, यांना ताप आहे का हो?

मग एका हिवाळ्यात, आठवड्याच्या बाजाराला आलेल्या पासलीच्या माणसानं निरोप आणला. ठकूबाईंना पलटणीतून इंग्रजी कागद आलाय, मास्तरांनी येऊन वाचून दाखवावा. मी म्हटलं, अहो, वेल्ह्याच्या कचेरीत इंग्रजी वाचणारे आहेत, पोस्टात आहेत. तो माणूस म्हणाला, पाटलांनी तेच सांगितलं, पण म्हातारी ऐकत नाही. कचेरीतली माणसं काहीबाही सांगतील, मास्तर चुकीचं सांगायचे नाहीत, म्हणते. आठ दिवस कागद कनवटीला लावून बसली आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटताच आम्ही निघालो. मास्तरांनी पेटी उचलली. मी म्हटलं, ही कशाला? त्यांनी डब्यांची पिशवी माझ्या हातात दिली. बैलगाडीत अख्ख्या वाटेवर ते एकदाच बोलले. "जोशी," म्हणाले, "आगबोट मी दाखवली."

दुसऱ्या दिवशी पासलीला पोचलो तर माणसं देवळात आधीच जमलेली. ठकूबाई पुढे बसल्या होत्या. काटकुळी बाई, लुगड्याचा पदर घट्ट खोचलेला. त्यांनी कनवटीतून कागद काढला, नीट उलगडला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. चार ओळी होत्या टंकलेल्या. आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढाईनंतर सखाराम बेपत्ता होता.

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. मी नेली असती. पण मास्तर ते मास्तर.

"ठकूबाई," ते म्हणाले, "लढाई झाल्यावर हजेरी घेतली, तेव्हा सखाराम हजर नव्हता. तो गेला असं यात लिहिलेलं नाही. शत्रूनं धरला असंही नाही. तो कुठे आहे ते सरकारला ठाऊक नाही, एवढंच लिहिलंय. मी एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही."

बायकांमध्ये कुणीतरी रडायला लागलं. ठकूबाई रडल्या नाहीत. त्या मास्तरांकडे बघत राहिल्या, त्यांचं बोलणं अजून संपलेलं नसावं तशा. मग त्यांची नजर पेटीकडे गेली.

"सरकारला ठावं न्हाई, तर तुमी हुडका की," त्या म्हणाल्या. "सायबाचा समदा मुलूख तुमच्या पेटीत हाय. माजा सका तिथंच गेलाय न्हवं?"

 मी गणिताचा माणूस, मी मोजलं. एवढ्याशा बोलण्यात तीन चुका होत्या. पोरगा हरवला होता आफ्रिकेत, इंग्लंडात नव्हे. फिती पंधरा वर्षांपूर्वीच्या, तेव्हा तो शेळ्यांमागे फिरत होता. आणि पेटीत दिसतं ते आत्ता घडत नसतं, एकदा घडून गेलेलं असतं, हे मास्तरांनी याच देवळात दर वर्षी घसा फोडून सांगितलेलं होतं. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. मला आतून ओरडावंसं वाटत होतं की आज नको, बाबा, आजच्या दिवस राहू दे.

"घोंगड्या लावा," मास्तर म्हणाले.

पाटलांनी स्वतः उठून दाराला घोंगडी लावली. पंचा बांधला. मास्तरांनी पहिली फीत चढवली आणि ठकूबाईंना पेटीच्या अगदी शेजारी बसवून घेतलं. एरवी दांडा फिरला की त्यांचं तोंडही फिरायचं, सन, लांबी, उंची, शोधकाचं नाव. त्या दिवशी यातलं काही नाही. हलक्या आवाजात एवढंच सांगत होते, आता डावीकडून माणसं येतील, सावकाश बघा. खाणीतून कामगार बाहेर पडले. गिरणीचं फाटक उघडलं, गिरणीतली माणसं बाहेर आली. काळवंडलेला एकेक चेहरा म्हातारी निरखत होती.

अडचण अशी होती की माणसं नीट दिसावीत म्हणून दांडा हळू फिरवावा, तर दिवा मंद होऊन चेहरेच विझायचे. उजेडासाठी जोरात फिरवावा, तर माणसं पळत सुटायची. मास्तर मधली चाल शोधत होते. पन्नाशी उलटलेला माणूस, थंडीच्या दिवसांत त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी म्हटलं, द्या माझ्याकडे थोडा वेळ. त्यांनी मान हलवली. हात बदलला की चाल बिघडेल, म्हणाले.

पुलाची फीत ठकूबाईंनी पुन्हा मागितली. मग आणखी एकदा. एका ठिकाणी त्या गुडघ्यांवर उठल्या, पंच्याच्या जवळ गेल्या आणि डोक्यावर ओझं घेतलेल्या एका माणसाच्या चेहऱ्याशी तोंड नेलं. माणूस निघून गेला. त्या परत येऊन बसल्या. तेवीसच्या तेवीस फिती झाल्या. राजाची झाली, चहाची झाली, आगबोटीचीही झाली. आगबोटीच्या वेळी मास्तरांची मान खाली होती. काठावरच्या गर्दीकडे मात्र म्हातारी शेवटपर्यंत बघत होती.

घोंगड्या काढल्या. उन्हानं सगळ्यांचे डोळे दिपले.  ठकूबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"न्हाई ह्यात," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा हात अजून दांड्यावर होता. मला पुढचं ऐकवणार नाही असं वाटून मी डब्या भरायला घेतल्या. तेवढ्यात म्हातारी पुन्हा बोलली, आणि आता तिच्या आवाजात काहीतरी ठरल्यासारखं होतं.

"समदा मुलूख बगितला. येवढ्या मान्सांत कुठं न्हाई. म्हंजी त्यो तिथनं निगाला असंल, वाटंला असंल. व्हय न्हवं, मास्तर?"

तिनं पाटलांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. जो माणूस मेलेल्याची दोन वर्षं कमी करायचा, त्याला विचारलं. सगळं गाव मास्तरांकडे बघत होतं, पण तिच्यासारखं कुणी नाही. तिला त्यांच्याकडून खरं तेच ऐकायचं होतं.

"होय, ठकूबाई," मास्तर म्हणाले. "वाटेत असेल."

"लांबची वाट हाय."

"लांबची आहे. वेळ लागेल."

म्हातारी उठली. आमच्यासाठी भात टाकते म्हणाली आणि चटचट पायऱ्या उतरून गेली. आम्ही तिच्या ओट्यावर बसून तो भात जेवलो. ती वाढत राहिली, मास्तर नको म्हणाले नाहीत.

परतताना उतारावर मास्तरांनी पेटी खाली ठेवली आणि बांधावर बसले. उजवा हात डाव्या हातानं दाबत होते. मी पिशवी घेऊन उभा होतो. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जोशी, आज माझं चुकलं. तुम्ही ऐकलंत. काढा चूक."

वीस वर्षं मी या माणसाशेजारी काढली होती. माझ्या हस्ताक्षरापासून माझ्या मुलाच्या मुंजीच्या मुहूर्तापर्यंत त्यांनी काय काय म्हणून सुधारलं नव्हतं. मी खाली बसलो, पेटी माझ्या मांडीवर घेतली आणि म्हटलं, "नाही मास्तर. बरोबर होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग, पासलीत ठकूबाईंसमोर आवरून धरलेलं सगळं सोडून देऊन तो पन्नाशी उलटलेला माणूस त्या बांधावर बसून रडला.